ॲरिझोनाच्या वाळवंटात ससा आणि हरीण: ऐरोलीहून निघालेल्या भाच्यासाठी लिहिलंय, बाकीच्यांनी पण वाचा

माझा भाचा पुढच्या महिन्यात ॲरिझोनाला चाललाय, कंपनीने पाठवलंय, फिनिक्सजवळ चँडलरला. परवा ऐरोलीला आमच्याकडे जेवायला आलेला तेव्हा मला गॅलरीत ओढून नेलं आणि म्हणतो, मामा तू ट्युसानला असताना हरणं मारायचास ना, मला पण शिकायचंय, बंदूक कुठली घेऊ? मी म्हटलं बंदूक सगळ्यात शेवटी, आधी दुर्बीण घे. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो, सहा वर्षं तिकडे राहून मला जे काय कळलं त्याचा अर्क तोच आहे, शिकार म्हणजे नव्वद टक्के नुसतं बसून बघणं आणि उरलेलं मटण कापणं, बंदुकीचा घोडा ओढायचं काम एका सेकंदाचं. आणि हे बघणं, चालणं, कापणं सगळं इथे ठाण्या-नवी मुंबईत बसून शिकता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. आपल्याकडे शिकार पूर्ण बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. येऊरचं चितळ सोडाच, पारसिकच्या डोंगरातला ससासुद्धा मारायचा नाही, फासे लावायचे नाहीत, आणि शेड्यूल एकमधला, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक यादीतला प्राणी असेल तर ३ ते ७ वर्षं आत. आमचे आजोबा ससे आणायचे ते त्या आधीचं, ती गोष्ट तिथेच संपली. खालचं सगळं ॲरिझोनाचं, जिथे लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, ठरलेल्या संख्येत हे करता येतं.

आता पहिलं काम कागदांचं, आणि यात आपली पोरं हमखास फसतात. एचवन, एलवन, एफवन हे सगळे अमेरिकेच्या भाषेत नॉन-इमिग्रंट व्हिसे, आणि तिथला फेडरल कायदा म्हणतो की अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचंच नाही. विकत घेणं तर सोडा, मित्राची हातात घेतली तरी लफडं होऊ शकतं. याला एक अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर चालतं. म्हणजे क्रम उलटा आहे, आधी लायसन्स मग बंदूक. आणि लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक घरात कपाटात तशीच पडून असली तर तो गुन्हा झाला, त्यामुळे संपायच्या आधी रिन्यू करायचं, मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेव, मी फ्रिजवर चिठ्ठी लावायचो. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. तरी व्हिसावर असशील तर वकिलाला एकदा विचारून घे, तासाभराची फी जाईल पण झोप लागेल.

लायसन्स ॲरिझोना गेम अँड फिश डिपार्टमेंट देतं, ऑनलाईन मिळतं, घेतल्यापासून ३६५ दिवस चालतं. राज्यात सहा महिने राहिलास की रहिवाशाचा दर लागतो, त्याआधी काढलंस तर बरंच महाग पडतं. ससे आणि बहुतेक छोट्या प्राण्यांना एवढं लायसन्स बास. हरणाला मात्र वेगळा टॅग, म्हणजे एका जनावरापुरता परवाना, लागतो आणि बंदुकीच्या शिकारीसाठी तो लॉटरीने मिळतो. पूर्ण राज्याचे भाग पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात, कुठल्या युनिटमध्ये कुठल्या तारखांना जायचं ते आपण निवडून अर्ज टाकायचा, शरद ऋतूच्या हरणांसाठी अर्ज जूनच्या सुरुवातीला बंद होतो. नंबर नाही लागला तर बोनस पॉइंट जमा होतो, म्हाडासारखं नाही, इथे न लागल्याचा निदान पुढच्या वर्षी फायदा तरी होतो. मोठ्या माणसाला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा नाही पण करच, एक तर बंदूक कशी धरायची, कुंपण ओलांडताना कशी ठेवायची हे कोणीतरी समोर उभं राहून शिकवतं आणि वर एक कायमचा बोनस पॉइंट मिळतो. नियमांचं पुस्तक दरवर्षी बदलतं, गेल्या वर्षीचं मित्राने दिलेलं वापरू नको. उदाहरण सांगतो, आधी लोक झाडांना ट्रेल कॅमेरे लावून ठेवायचे, २०२२ पासून शिकारीसाठी ते बंद केलं, आणि ज्यांना माहीत नव्हतं ते कॅमेरे तसेच लावून बसले.

हे झालं कागदाचं, आता निघायच्या आधी इथे काय करायचं ते.

डोळे. दहा बाय बेचाळीसची दुर्बीण घे, म्हणजे दहा पट जवळ दाखवणारी, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची, आणि ती ट्रायपॉडवर लावायचा अडॅप्टर घे, हा अडॅप्टर विसरू नको. हातात धरलेली दुर्बीण थरथरते आणि थरथरत्या चित्रात डोळा फक्त हलणारी मोठी वस्तू पकडतो, कान फडकला ते दिसत नाही. ट्रायपॉडवर लावली की अर्धा किलोमीटरवरचा कान दिसतो, खोटं वाटेल पण दिसतो. आता ऐरोलीच्या खाडीकडे तोंड असलेली कुठलीही गच्ची पकड, सकाळी उजाडायच्या आधी जाऊन बस आणि खारफुटी बघ. फ्लेमिंगो बघून खूश होऊ नको, ते आंधळ्याला पण दिसतात. खारफुटीतला कोल्हा शोध. आहेत तिथे कोल्हे, चिखलाच्या कडेने खेकडे खायला येतात. पद्धत अशी की दुर्बिणीत दिसणारा गोल हलवायचा नाही, तो एक तुकडा डावीकडून उजवीकडे नजरेने विंचरून काढायचा, मग थोडीशी सरकवायची, मग परत. आख्खा कोल्हा कधी दिसत नाही, आधी एक आडवी रेघ दिसते. झाडं सगळी उभी असतात ना, त्यात आडवी रेघ म्हणजे पाठ. मला पहिला कोल्हा अकराव्या दिवशी दिसला, आणि गंमत म्हणजे तो बहुतेक रोज तिथेच होता.

पाय आणि वारा. येऊरच्या रस्त्यावर सकाळी चालायला जातोस ना, इअरफोन काढून चाल, परवानगी आहे तेवढ्याच भागात, बिबट्याची हद्द आहे ती. दहा पावलं टाकायची आणि जितका वेळ चाललास त्याच्या दुप्पट उभं राहायचं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेव, दर थोड्या वेळाने चिमूटभर उडव. सकाळी उन्हं डोंगरावर पडली की हवा उताराने वर चढायला लागते, संध्याकाळी गार झाली की खाली घसरते, हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, पावडर उडताना बघितली की बसतं. हरणाच्या डोळ्याला फसवता येतं, कानाला एखाद्या वेळी, नाकाला कधीच नाही. पारसिकच्या चढावर पाठीवर दहा-बारा किलोचं वजन घेऊन पण चढ, कारण हरीण पडल्यावर ते उचलायला कोणी हमाल येत नाही.

नेम. इथे एखाद्या रायफल क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफलचा महिनाभराचा क्लास कर. अंतर किती याला महत्त्व नाही, घोडा झटक्याने न ओढता हळूहळू दाबत जायचा आणि सुटेल तेव्हा आपल्यालाच आश्चर्य वाटलं पाहिजे, ही सवय तिथेच लागते, आणि एकदा मोठ्या बंदुकीच्या आवाजाने दचकायची सवय लागली की मग सुटत नाही.

आणि खाटीक. हे कोणी सांगत नाही. आपल्या नेहमीच्या मटणवाल्याला सांग की मला चार रविवार पहाटे येऊन बघायचंय. आमच्या सेक्टरमधल्या चाचाने मला आधी वेड्यात काढलं, मग सोललेला बोकड हुकावर लटकवलेला असताना माझं बोट धरून खांद्याच्या फटीत घातलं, म्हणाला इथे हाडच नाही, नुसतं मांसावर चिकटलंय, सुरा वजनाने खाली येऊ दे. आणि खरंच, पुढचा पाय सांध्याला न शिवता एका रेषेत सुटून हातात आला. मागच्या पुठीला गोल खोबणीचा सांधा असतो तो शोधावा लागतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना जी लांब पट्टी असते, ज्याचे आपण चाप करतो, तीच हरणाची सगळ्यात भारी जागा. बोकड आणि हरीण यांची रचना जवळजवळ एकच, त्यामुळे चार रविवारात जे शिकशील ते वाळवंटात डोक्यावर हेडलॅम्प लावून एकटा असताना उपयोगी पडतं.

तिकडे पोचलास की लगेच हरणामागे लागू नको. पहिलं वर्ष सशाचं.

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसतात पण सोनोरन वाळवंट तसं नाही, झाडी भरपूर आहे, फक्त प्रत्येक झाडाला काटे आहेत. तिथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं चुलत भावंड, प्रिकली पेअर म्हणजे फड्या निवडुंगच. मधून मधून कोरडे ओढे, त्यांना वॉश म्हणतात, आणि त्या वॉशच्या कडेला झाडी दाट असते, ससे तिथे. दोन प्रकारचे, एक कॉटनटेल, लहान, गुबगुबीत, शेपटीला कापूस लावल्यासारखा, हा खायला उत्तम, वर्षभर चालतो, दिवसाला दहाची मर्यादा. दुसरा जॅकरॅबिट, लांब कानाचा, चिवट, त्याला कुकरला भरपूर शिट्ट्या. सूर्य समोर ठेवून वॉशमधून हळू चाल, शिकारीचे लोक सूर्य पाठीला ठेवायला सांगतात आणि हरणासाठी ते बरोबर आहे, पण सशासाठी मला उलटं फळलं, कारण झुडपाच्या सावलीत बसलेल्या सशाच्या कानातून ऊन आरपार येतं आणि दोन गुलाबी पानं पेटल्यासारखी दिसतात, आतल्या शिरासकट. ससा दिसत नाही, कान दिसतात. पॉइंट टू टू म्हणजे छोट्या गोळीची रायफल, वीस-पंचवीस यार्ड, डोक्यावर नेम, आणि मागे मातीचा बांध असेल तरच, दगडावरून ती गोळी उसळून कुठेही जाते. वस्ती असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक चालवायची नाही, रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे तर नाहीच नाही.

ससा सोलताना रबरी हातमोजे घालायचेच. टुलारेमिया नावाचा रोग सशांमुळे माणसाला होतो, काळजावर, म्हणजे लिव्हरवर, पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खायचा नाही, आणि चांगला असला तरी पूर्ण शिजवायचा. माझा पहिला ससा मला खायलाच मिळाला नाही ते वेगळ्या कारणाने. मारला, आनंदात प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बॅगेत, आणि अजून एक मिळेल म्हणून तीन तास उन्हात फिरलो. गाडीशी येऊन पिशवी उघडली तर वास असा की मीच लांब पळालो. तेव्हापासून मारला की तिथल्या तिथे आतडी काढायची, मांसाला हवा लागेल अशी कापडी पिशवी, आणि गाडीत बर्फाचा कूलर. उष्णता हाच तिकडचा खरा शत्रू, मांसाचा पण आणि तुझा पण.

तित्तरासारखा गॅम्बेल्स क्वेल नावाचा पक्षी पण आहे, डोक्यावर पुढे झुकलेला काळा तुरा, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, त्याला छऱ्यांची बंदूक लागते. मला कधी जमला नाही, फार पळतो.

आता हरीण. दोन जाती. म्युल डिअर, खेचरासारखे मोठे कान म्हणून ते नाव, वाळवंटाच्या सखल भागात आणि टेकड्यांच्या पायथ्याशी. आणि कूझ व्हाईटटेल, लहान, राखाडी, नर जेमतेम ३५ ते ४५ किलोचा, थोडं उंचावर जिथे ओक आणि गवत सुरू होतं तिथे. नाव एका लष्करी डॉक्टरवरून आलंय आणि त्याच्या आडनावाचा खरा उच्चार काउझ आहे म्हणे, पण तिकडे काउझ म्हणालास तर लोक गाई शोधतील, सगळे कूझच म्हणतात. हरीण म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर ठिपकेवालं चितळ येतं, तसं नाही हे, हे म्हणजे दगडात दगड.

आमच्या वर्कशॉपमधला एक म्हातारा मला पहिल्यांदा घेऊन गेला, नोव्हेंबरमध्ये, ट्युसानच्या दक्षिणेला. अंधारात चढून डोंगराच्या एका सोंडेवर बसवलं, खाली फोमचा तुकडा, पुढे ट्रायपॉड, समोरचा उतार बघ म्हणाला. थंडी पाच डिग्री असेल. मी अर्ध्या तासात सांगितलं काही नाही, पुढच्या सोंडेवर जाऊ. तो उठला नाही. दोन तासांनी म्हणाला त्या पांढऱ्या दगडाच्या उजवीकडचं झुडूप बघ. बघितलं, झुडूप. अजून बघ. मग झुडपाच्या आतली एक फांदी वळली आणि ती फांदी नव्हती, शिंग होतं, आणि मग नाकाचा काळा ठिपका, मग डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, आणि आख्खा नर तिथे बसून रवंथ करत होता, दोन तास माझ्या दुर्बिणीच्या गोलात. तिथे मला कळलं की जागा बदलायची घाई म्हणजे हरणाला हाकलत फिरणं.

तर पद्धत ही. नकाशावर आधी ठरव, सोंड, खिंड, पाणवठा कुठे. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला कंटूर, म्हणजे नकाशावरच्या उंचीच्या रेषा, वाचायला सांगावं लागत नाही. पाणवठ्याजवळ तंबू ठोकू नको, जनावरांची पाण्याची वाट अडेल असं पाव मैलाच्या आत राहणं बेकायदा आहे, आणि चुकीचं पण. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेला पाहिजेस. सूर्य पाठीशी, समोरचा उतार उजेडात. पहिला तास चरणारी हरणं शोध, नऊनंतर सावलीत बसलेली, झाडाच्या बुंध्याच्या सावलीची कड बघत जायची कारण सूर्य सरकला की हरीण उठून दोन पावलं सरकतं, तेव्हाच दिसतं. दिसलं की लगेच उठून धावू नको. तो कुठे बसतो ते बघ, मधे खूण ठरव, एक वाकडा ओकोटिलो (लांब काटेरी काठ्यांचं झुडूप), एक लाल दगड, कारण खाली उतरलास की सगळं वेगळं दिसतं. मग वारा बघ आणि लांबचा फेरा मार. वारा पाठीमागून असेल तर जाऊच नको, उद्या ये.

रायफल पॉइंट टू सेव्हन्टी किंवा थ्री-ओ-एट, ही काडतुसाची मापं, काही फरक पडत नाही, लोक यावर रात्र रात्र वाद घालतात. फरक याने पडतो की ज्या काडतुसाने रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शंभर यार्डाला नेम जुळवलास तेच काडतूस शिकारीला ने. मी दुकानात तो डबा संपला म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला, वेगळ्या वजनाची गोळी, आणि बरा आडवा उभा असलेला म्युल डिअर सरळ चुकला, पायाखालची धूळ उडाली. चुकला ते नशीब, पोटात लागली असती तर. फिनिक्सला बेन एव्हरी म्हणून मोठी रेंज आहे, डिपार्टमेंटचीच, तिथे बसून, गुडघ्यावर, बॅगेवर टेकून, सगळ्या तऱ्हांनी सराव कर. पहिल्या वर्षी दोनशे यार्डाच्या पुढे मारायचं नाही. प्राणी आडवा उभा पाहिजे, पुढच्या पायाच्या मागे लगेच, अंगाच्या खालून एक तृतीयांश उंचीवर, तिथे हृदय आणि फुप्फुसं. तोंड आपल्याकडे किंवा पार्श्वभाग आपल्याकडे, तर थांब. त्याच्या मागे आकाश दिसत असेल तर अजिबात नाही, गोळी कुठे जाईल कोणाला माहीत. नारिंगी जॅकेट ॲरिझोनात सक्तीचं नाही, तरी घाल.

गोळी लागल्यावर धावत सुटू नको. तो उभा होता ती जागा डोळ्यात ठेव, अर्धा तास बस. मग त्या जागेपासून माग काढ. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. गडद काळपट म्हणजे काळीज (लिव्हर), अजून वेळ दे. हिरवट, घाण वास, म्हणजे पोट, मग काही तास थांबायचं, आणि तो दिवस वाईट जाणार. प्रत्येक थेंबाला टॉयलेट पेपरचा तुकडा टाकत जा, मागे वळून बघितलं की कुठल्या दिशेने गेलाय ती रेघ दिसते. परतताना ते तुकडे उचल.

सापडला की आधी टॅग, फोटो नंतर. मग सावलीत ओढ आणि चाचाचे चार रविवार आठव. पोट फाडायची गरज नाही, पाठीवरून कातडं सोड, पुढचा पाय, मागची पुठ, पाठीची पट्टी, मान, मग कुशीवर उलटून दुसरी बाजू. कापडी गेम बॅगमध्ये एकेक तुकडा, झाडाला टांगून गार होऊ दे. नर असल्याचा पुरावा नियमात लिहिलाय तसा मांसासोबत ठेवावा लागतो. आणि खाण्यालायक मांस टाकून येणं हा गुन्हा आहे. कूझचं हाडं काढून साधारण पंधरा किलो भरतं, एका फेरीत निघतं, म्युल डिअरला दोन तरी फेऱ्या.

बाकी त्रास थोडक्यात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, कमीत कमी, आणि गाडीत वेगळं. चोया नावाचं निवडुंग आहे, नुसतं घासून गेलास तरी गड्डा तोडून अंगाला चिकटतो, हाताने काढायला जाऊ नको, हाताला चिकटेल, साधा केसांचा कंगवा खाली सरकवून झटका दे. कंगवा कायम खिशात. रॅटलस्नेक दगडाखाली, बसायच्या आधी काठी. जुलै ते सप्टेंबर मान्सून त्यांच्याकडे पण असतो, वॉशमध्ये तंबू नाही, पाऊस दहा मैलांवर पडतो आणि पाणी तुझ्याकडे येतं. नंतर काही आठवड्यांनी ताप-खोकला जात नसेल तर डॉक्टरला सांग मी धुळीत होतो, तिथे मातीतल्या बुरशीने व्हॅली फीव्हर होतो.

शिंगं आठवण म्हणून भारतात आणायचा विचार पण करू नको, कस्टमला अडकशील, आईला फोटो पाठव.

आता शेवटचं आणि मी याच्यावर ठाम आहे. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, जी असते ती आणि वरचा चंदेरी पापुद्रा सगळा काढून टाकायचा, नाहीतर ती चरबी थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते. पाठीच्या पट्टीला फक्त मीठ, हळद, आलं-लसूण आणि आपला आगरी मसाला, लोखंडी तव्यावर पटकन, जास्त शिजवलंस तर चामडं. पुठीचं मात्र मंद आचेवर तीन तास सुकं, भाजलेला कांदा-खोबरं घालून. मसाला आई देणारच आहे, दोन पिशव्यांत सील करून चेक-इनच्या बॅगेत टाक, मी एकाच पिशवीत नेला होता आणि ट्युसानला पहिले दोन महिने माझ्या ऑफिसच्या शर्टांना तोच वास येत होता.